करडी पट्टी

कर्जतच्या पुढे डोंगरात 'रानझरा' नावाचं हॉटेल आहे. मुंबईची माणसं तिथे खेडं बघायला जातात आणि शेजारच्या खेड्यातल्या माणसांना वॉचमन गेटवरच अडवतो. श्रेयाच्या लोअर परळच्या ऑफिसने सगळ्यांना सहकुटुंब दोन दिवस तिथे नेलं, म्हणून परळची कमल परब आयुष्यात पहिल्यांदा असल्या ठिकाणी गेली. कमल म्हणजे श्रेयाची सासू, वय सहासष्ट, बाळंतपणाच्या इस्पितळातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेली. सुनेच्या ऑफिसातल्या लोकांत आपण शोभायला हवं, म्हणून तिने आदल्या दिवशी तीन साड्या पलंगावर पसरून लेकाला, स्वप्नीलला, विचारलंही होतं. तो फोनमधून मान वर न करता म्हणाला, "कुठलीही नेस गं."

घडलं ते दुपारी, जेवणाच्या हॉलच्या दारात. कमलच्या कडेवर चार वर्षांची नात मनू, खांद्याला मनूच्या बाटल्यांची आणि कपड्यांची पिशवी. स्वप्नील गाडी लावायला गेलेला. पुढे श्रेया आणि तिच्या शेजारी तिच्या साहेबीण आकांक्षा मॅडम. श्रेयाची बढती या बाईंच्या हातात होती. दारावर उभ्या हॉटेलच्या कॅप्टनने कमलकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि श्रेयाला अदबीने विचारलं, "मॅडम, या बेबीच्या मावशी ना? मावशींचं जेवण मागच्या बाजूला आहे."

मुंबईत मावशी आईच्या बहिणीलाही म्हणतात आणि कामवालीलाही. कुठली मावशी, ते आवाजावरून कळतं. कमलला बरोबर कळलं. ती गालात हसलीसुद्धा, की आता श्रेया सांगेल आणि या पठ्ठ्याची चांगली फजिती होईल.

श्रेयाने एकदा आकांक्षा मॅडमकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. मग मनूला आपल्याकडे घेत म्हणाली, "मावशी, तुम्ही जेवून घ्या."

आठ वर्षं ही मुलगी कमलला आई म्हणत होती.

मागच्या बाजूला पत्र्याची शेड होती. तिथल्या मुलीने कमलच्या मनगटावर करड्या रंगाची कापडी पट्टी अडकवली. पाहुण्यांच्या पट्ट्या हिरव्या होत्या. या पट्टीवर छापलं होतं, 'सोबतचे मदतनीस'. कमल पुढ्यात आलेला डाळभात गिळू लागली. शेजारी राधाबाई बसल्या होत्या. वरळीच्या, आकांक्षा मॅडमची मुलगी सांभाळणाऱ्या.

"किती वर्षं झाली गं या घरात?" राधाबाईंनी विचारलं.

"बेचाळीस," कमल म्हणाली. खोटं कशाला बोलायचं?

राधाबाईंचा घास हातातच राहिला. "बेचाळीस! आणि रविवारची सुट्टी?"

"नाही."

"डबे, भांडी, मच्छी साफ करणं?"

"सगळं मीच."

"येडी हायस काय तू?" राधाबाईंना खरोखरच राग आला. "हे बघ. आपण पोरीचं करायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. रविवार आपला. संध्याकाळचे सात वाजले की चप्पल पायात. पाहुणे येवोत नाहीतर कोणी येवो."

राधाबाईंच्या पंगतीला बसल्याचा कमलला कमीपणा मुळीच वाटला नाही. इस्पितळात ती आयाबाईंच्या डब्यात डबा घालूनच जेवायची. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती ती त्या 'हो'मुळे. संध्याकाळी श्रेया खोलीत आली तेव्हा कमल वाट बघत होती. सून माफीचा एक शब्द बोलली असती तरी कमलने सोडून दिलं असतं. श्रेयाने पर्समधून कागदी रुमालात गुंडाळलेला केकचा तुकडा काढला. "आई, तुमच्यासाठी आणला. फार छान होता."

कमलने तो केक मनूला भरवला आणि त्याच क्षणी ठरवलं, की हिला मावशी हवी आहे ना, मग मावशीच मिळेल.

सोमवारी सकाळी ओट्यावर डबे नव्हते.

"आई, डबा?" श्रेयाने विचारलं.

"ते काम माझ्याकडे नाही, मॅडम. माझ्याकडे फक्त मनू."

श्रेयाला वाटलं, दोन दिवसांत राग जाईल. पण कमलने राधाबाईंचे नियम एखाद्या व्रतासारखे पाळले. भांडी सिंकमध्ये पडून राहिली. कपडे दोरीवर वाळून कडक झाले. पापलेट फ्रीजमध्ये आठवडाभर राहिलं आणि शेवटी स्वप्नीलने नाक धरून टाकून दिलं. संध्याकाळी सातला कमल चप्पल घालून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसायची. रविवारी ती वरळीला राधाबाईंकडे. आणि मनगटावरची करडी पट्टी तिने काढली नाही. आंघोळीत भिजायची, अंगावरच वाळायची. बिल्डिंगमधल्या बायका विचारायच्या, "कमलताई, हे काय?"

"सूनबाईंनी हॉटेलात नेलं होतं ना, तिथलं," ती गोड आवाजात सांगायची.

स्वप्नील एकदा म्हणाला, "आई, हा काय प्रकार आहे?"

"बायकोला विचार."

त्याने विचारलं. बंद दाराआड बराच वेळ बोलणं झालं, मग तो बाहेर येऊन टीव्हीसमोर बसला. कमलला त्याची दया आली नाही.

चौथ्या आठवड्यात श्रेया स्वयंपाकघरात आली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आई, चुकलं माझं. घाबरले मी त्या वेळी. काढा ना ती पट्टी."

"इथे कशाला सांगतेस? इथे कोण आहे ऐकायला?" कमल म्हणाली. "जिच्यासमोर बोललीस, तिच्यासमोर बोल."

श्रेया रात्रभर झोपली नसावी. पण पोरगी हिमतीची निघाली. पुढच्याच शनिवारी तिने आकांक्षा मॅडमना घरी बोलावलं. दिवसभर राबून स्वतः वडे तळले, सोलकढी केली. कमल कोपऱ्यात मनूची वेणी घालत सगळं बघत होती. सकाळी तर तिने ठरवलंही होतं, की आता पुरे झालं.

सातला दहा मिनिटं कमी असताना मॅडम आल्या. श्रेयाने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि बसायच्या आधीच उभ्या उभ्या म्हणाली, "मॅडम, एक सांगायचंय. या माझ्या सासूबाई. त्या दिवशी हॉटेलात मी खोटं बोलले."

कमल पाच आठवडे याच वाक्याची वाट बघत होती. ते आलं, आणि त्याच्याबरोबर तिला तो कागदी रुमालातला केक आठवला. इतकी खुनशी आपण कधीपासून झालो, असं तिच्या मनात आलं, पण हात थांबला नाही. तिने पदराखालून मनगट बाहेर काढलं.

"आमच्या श्रेयामॅडम फार मायाळू," ती हसून म्हणाली. "कामाच्या बाईलाही घरचीच म्हणतात."

"आजी!" मनू म्हणाली. "तू माझी आजी आहेस ना?"

"नाही गं राणी. मी मावशी. लाडाने म्हणते हो पोर."

आकांक्षा मॅडमनी पट्टी पाहिली. मग भिंतीवरचा फोटो पाहिला. त्यात आपल्या कैलासवासी नवऱ्याच्या, गुणाजींच्या, शेजारी कमल आणि पुढे शाळेच्या गणवेशात स्वप्नील. मग त्यांनी श्रेयाकडे पाहिलं. श्रेयाच्या तोंडावरचा रंग उडाला होता आणि स्वप्नील चटईच्या काड्या मोजत होता.

घड्याळात सात वाजले. "येते मॅडम, माझी वेळ झाली," कमल म्हणाली, आणि स्वतःच्या नावावरच्या घरातून चप्पल घालून बाहेर पडली. जिना उतरताना तिला पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं. खाली मॅडमची गाडी निघून जाईपर्यंत ती गल्लीत फेऱ्या मारत राहिली.

सकाळी श्रेयाचे डोळे सुजलेले होते. कमलने गॅसवर दूध ठेवलं, तेवढ्यात मनू टेबलाशी येऊन बसली.

"मावशी, दूध," ती म्हणाली.

कमलच्या हातातली सांडशी तशीच राहिली. श्रेया खुर्चीवरून उठली. "मनू, मावशी नाही. आजी म्हण. आजी आहे ती तुझी."

"नाहीये," मनू समजावणीच्या सुरात म्हणाली. "तिनेच सांगितलं काल."

कमलने गॅस बंद केला. खणातली कात्री काढून पट्टी कापली. पाच आठवड्यांत तिच्याखाली मनगटावर पांढरट वळ उठला होता. मग मनूच्या पुढे बसून तिने तो हात दाखवला. "बघ, काढली. आता मी कोण?"

मनूने हाताकडे पाहिलं, विचार केला आणि कप पुढे सरकवला.

"दूध दे ना, मावशी."