फिरकीचा तांब्या

तांब्या मागायला जोतीराम गुरुजी स्वतः आले, तेव्हाच चिमणाबाईच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली. अख्ख्या टेकणवाडीत फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या तिच्या एकटीच्याच घरी होता. लग्नातला, माहेरचा. एसटी कितीही आदळली तरी त्यातला थेंब सांडायचा नाही.

"आक्का, गुरुवारी कोल्हापूरला न्यायला तुमचा तांब्या लागंल," गुरुजी म्हणाले.

"तांब्या लागंल. आनी मी?"

"तुम्ही पन चला की! तांब्या तुमच्याच हातात असूंदे."

असूंदे म्हणे! अकरा वर्षं महिला मंडळाची अध्यक्षीण असलेल्या बाईनं आता तांब्या धरायचा. गावात कुणी साहेब आला तर ओवाळायला चिमणाबाई, हार घालायला चिमणाबाई, बहात्तरच्या दुष्काळात तहसीलदाराच्या दारात रिकाम्या घागरी बडवायला पुढं चिमणाबाई. भिंतीवर तिचा तसला फोटोसुद्धा होता. आणि आता बोलणार कोण, तर गौस कल्हईवाल्याची बायको, खैरुनबी!

झालं होतं असं. अठ्ठ्याहत्तर सालचा एप्रिल. कागल तालुक्यातली टेकणवाडी बसलीय माळावर, आणि गावाला विहीर एकच. होळी झाली की ती तळ दाखवायची. मग बायकांनी खाली ओढ्यात उतरायचं, वाळूत झिरा खणायचा आणि वाटीवाटीनं घागर भरायची. नळपाण्याच्या योजनेचा कागद चार वर्षं जिल्ह्याच्या कचेरीत पडून होता. आता मुंबईहून तीन आमदारांची समिती कोल्हापूरला विश्रामगृहावर यायची होती. बोलावलं होतं पाच गावांना, पैसा मिळणार होता दोघांना. एकेका गावाला दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत जमलं तर नळ, नाहीतर पुन्हा किती वर्षं वाट बघायची कोण जाणे.

म्हणून गुरुजींनी शाळेत तालीम घेतली. स्वतः आमदार होऊन खुर्चीत बसले, शेजारी सरपंच आकाराम बसला. पहिली उठली चिमणाबाई. पदर सावरून तिनं सुरुवात केली, "मायबाप सरकार, आमच्या या गरीब गावावर आपली कृपादृष्टी..." आणि मग सरकारच्या पायधुळीपासून गावच्या ग्रामदैवतापर्यंत सगळ्यांना तिनं मान दिला. गुरुजींनी घड्याळ पुढं धरलं.

"आक्का, नऊ मिन्टं झाली. तुम्ही अजून पाण्यावर आला न्हाईसा."

बायका पदरात तोंड घालून हसल्या. हसणाऱ्यांची नावं चिमणाबाईनं मनात पक्की करून ठेवली.

मग गुरुजींनी मागं भिंतीला टेकून बसलेल्या खैरुनबीला उठवलं. ही बाई कधी चारचौघांत तोंड उघडायची नाही. उठली, डोईवरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "मी पावलं मोजल्यात. झिऱ्यापासनं माझ्या दारापतूर रिकामी घागर घिऊन दोन हजार एकशे चाळीस पावलं हुत्यात. भरल्या घागरीनं तीच वाट अडीच हजार पावलांची हुती. वाट लांबत न्हाय साहेब, पाऊल लहान हुतंय. दिसाला सहा खेपा. त्यातल्या चार माझी सलमा करती. म्हून तिची शाळा दुसरीतच सुटली. हुशार हुती, गुरुजींना इचारा."

एवढंच. दोन मिनिटं झाली नसतील.  आकाराम सरपंचानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. चिमणाबाईनं तेही बघितलं. अकरा वर्षं ती बोलत होती, या मेल्याचा डोळा एकदा तरी ओला झाला होता?

गुरुजी म्हणाले, "ठरलं. हेच बोलायचं. आनी शेवटाला झिऱ्याचं पानी पेल्यात ओतून साहेबांच्या म्होरं ठिवायचं. जसं हाय तसं. बोलायची गरजच पडायची न्हाय."

त्या दिवसापासून चिमणाबाईला भाकर गोड लागेना. नवऱ्यानं विचारलं तर त्याच्यावरच खेकसली. झिऱ्यावर गेली तर बायका खैरुनबीभोवती कोंडाळं करून, "पुन्यांदा म्हनून दाव की गं!" जळफळाट झाला नुसता. तशी खैरुनबी तिच्याशी नेहमीसारखीच वागत होती. "आक्का, साहेबलोकांम्होरं मला भ्या वाटतंय, तुमी जवळ ऱ्हावा," म्हणाली. आता यावर चिडायचं तरी कसं? आणि चिडता येईना म्हणून ही आणखीच चिडली.

बुधवारी दिवेलागणीला खैरुनबी स्वतः झिऱ्याचं पाणी घेऊन आली. एसटी चिमणाबाईच्या दारातूनच सुटायची, म्हणून पाणी रात्री तिच्याकडंच ठेवायचं ठरलं होतं. पाणी कसलं ते! तांबडंलाल गढूळ, वर काड्या, आत वळवळणारे किडे. पातेल्यात ओतून खैरुनबी निघून गेली.

चिमणाबाई त्या पातेल्याकडं बघत बसली. साफ सांगायचं तर तिला तेव्हाच सुचलं होतं, पण माणूस आधी स्वतःला फसवतं. ती मनाशी म्हणाली, पावण्याम्होरं असलं पानी ठिवायचं? आनी माझ्या माहेरच्या तांब्यातनं? लोक काय म्हनतील? रोजच्यासारखं तिनं मांजरपाटाचं फडकं घेतलं आणि पाणी गाळलं. इथवर ठीक होतं. कुठल्याही बाईचा हात आपोआप तिकडंच गेला असता. पण गाळूनही पाणी गढूळच राहिलं. मग ती उठली, कोनाड्यातला तुरटीचा खडा काढला आणि पातेल्यात फिरवायला लागली. फिरवता फिरवता तिला दिसत होती कोल्हापुरातली ती खोली. खैरुनबी पेला पुढं सरकवतेय, आणि पेल्यात देवाच्या तीर्थासारखं निवळ पाणी. होऊंदे फजिती! बघूंदे गुरुजींना, भाषण कुणाला येतंय ते. चांगले पंचवीस वेढे फिरवले तिनं, खडा अर्धा झाला.

सकाळी गाळ तळाला बसला होता. वरचं निवळ पाणी तिनं अलगद तांब्यात घेतलं, फिरकी आवळली, आणि गार राहावं म्हणून कालचंच ओलं फडकं तांब्याला गुंडाळलं. प्रवासाला निघताना ती तसंच करायची.

विश्रामगृहावर पाळी आली तेव्हा साडेबारा वाजले होते. तिन्ही आमदार चार गावं ऐकून कंटाळले होते. मधले थोरले साहेब डोळे मिटून बसले होते. खैरुनबी उभी राहिली. पहिल्या वाक्याला आवाज कापला, पण पावलांचा आकडा आला आणि साहेबांनी डोळे उघडले. "पाऊल लहान हुतंय" म्हटल्यावर शेजारच्या इंजिनियराची पेन्सिल थांबली. चिमणाबाईला वाटलं, देवा, ही पोरगी जिंकली! 

"आनी हे आमचं पानी, साहेब. बघा," असं म्हणून खैरुनबीनं चिमणाबाईच्या हातातला तांब्या घेतला, फिरकी काढली आणि पेल्यात ओतलं.

पेल्याच्या आरपार टेबलावरचे कागद दिसत होते.

थोरल्या साहेबांनी पेला उजेडात धरला आणि मोठ्यानं हसले. "बाई, आमच्या बंगल्यावर यापेक्षा वाईट पाणी येतं की हो! याला काय धाड भरलीय?" बाकीचे दोघेही हसले. इंजिनियरानं फाइल मिटली. गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला. आकाराम खाली बघायला लागला.

हेच बघायचं होतं ना चिमणाबाईला? दिसलं. क्षणभर गारही वाटलं. पण ती मिटलेली फाइल दिसली आणि तिच्या डोळ्यांपुढं एकदम अख्खा ओढा आला. सगळ्या बायका, सगळ्या घागरी, तिची स्वतःची सून सात महिन्यांची पोटुशी, वाळूत बसलेली. हे काय केलं मी! पण सांगायचं तरी काय? जळत होते म्हणून केलं, असं?

खैरुनबीनं पेला उचलला आणि एक घोट घेतला. घोट तोंडात थोडा वेळ धरला. मग तिनं चिमणाबाईकडं बघितलं. 

"साहेब," खैरुनबी शांतपणे म्हणाली, "ही आमची चिमणाक्का. महिला मंडळाची अध्यक्षीन. तिला आमी सांगितलतं, पानी हाय तसं आन. तिच्यानं हुतंय व्हय? पावण्याला घान पानी द्याची रीत न्हाय आमच्यात. आम्ही घान पिऊ, पावण्याला न्हाय द्याचं. गाळलं तिनं. पन साहेब, गाळलेलं गेलं कुठं ते बघा की!"

आणि तिनं तांब्याचं फडकं सोडून टेबलावर पसरलं. वाळलेला तांबडा चिखल, काड्या, मेलेले किडे. कागदावर माती सांडली. साहेब खुर्चीसकट मागं सरकले.

"फडकं तसंच गुंडाळलंय, कारन ते धुवायला पानी न्हाय," खैरुनबी म्हणाली आणि खाली बसली.

 मग थोरले साहेब उठले, टेबलाला वळसा घालून चिमणाबाईपुढं आले आणि त्यांनी तिला हात जोडले. "आक्का, माफ करा. मी हसलो." मागं वळून इंजिनियराला म्हणाले, "टेकणवाडी पहिली घ्या." फोटोवाला पुढं आला. चिमणाबाईला मधे उभी करून, हातात फडकं देऊन त्यानं फोटो काढला. खैरुनबी त्या फोटोत नव्हतीच. चिमणाबाई ढसाढसा रडत होती. बाई गावासाठी रडतेय, असंच सगळ्यांना वाटलं.

परतीच्या एसटीत पुढच्या बाकांवर गुरुजी आणि आकाराम हसत-खिदळत होते. मागच्या बाकावर दोघी. चिमणाबाईच्या मांडीवर रिकामा तांब्या. कागल मागं पडलं.

"आक्का," खिडकीबाहेर बघत खैरुनबी हळूच म्हणाली, "तुरटी जरा जास्त झालती."

चिमणाबाईच्या हातातली फिरकी सुटून खाली पडली आणि बाकाखाली घरंगळत गेली. ती वाकून शोधत बसली, सापडली तरी वर बघेना. मग तिनं तांब्याला फिरकी बसवली.

"सलमाला उद्यापासनं शाळंत धाड," ती म्हणाली.  "नळ येईपतूर तिच्या दोन खेपा मी आनतो."

"चार हायत्या," खैरुनबी म्हणाली.