चाफ्याचं दूध

बजाजनगरातला राजेंद्र कारखान्यात तीस वर्षं पाळ्या करून निवृत्त झाला, तेव्हा त्याला दोनच गोष्टी येत होत्या: यंत्र चालवणं आणि घरचं सगळं बायकोवर सोपवून निर्धास्त झोपणं. दारातल्या चाफ्याखाली तो रोज स्कूटर लावायचा, पण मान वर करून झाडाकडे कधी पाहिलं असेल तर शपथ.

चाफा सुरेखाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा. दौलताबादला तिच्या माहेरी मोठं झाड होतं, त्याची फांदी तिने लग्नानंतर आणून लावली होती. माहेरचं झाड रस्ता रुंद करताना गेलं. मग दोन वर्षांपूर्वी साखरेने तिचे डोळे गेले. तेव्हापासून फुलं धरली की ती रोज संध्याकाळी चाफ्याखाली बसायची. "एवढा वास तेवढा ऱ्हायला मला," असं ती म्हणायची.

म्हणून निवृत्त झाल्यावर झाडाची देखभाल राजेंद्रने अंगावर घेतली. थंडी पडली तशी पानं पिवळी होऊन गळायला लागली आणि बघता बघता झाड उघडंबोडकं झालं. राजेंद्रची पाचावर धारण बसली. सुरेखाला सांगावं तर तिचा जीव तुटेल. मग ती उठायच्या आत तो पानं झाडून टाकायला लागला आणि झाडाला पाणी द्यायला लागला.

आमच्याकडे नळाचं पाणी पाहुण्यासारखं येतं. आलं की भांडीकुंडी, पिंपं, कळश्या, सगळं भरून ठेवायचं. असं साठवलेलं पाणी कुणाला द्यावं, याहून मोठी माया आम्हाला ठाऊक नाही. राजेंद्र स्वतः अर्ध्या बादलीत अंघोळ उरकायचा आणि बाकीचं चाफ्याच्या बुडाशी ओतायचा. आळं तुडुंब भरलं की त्याला बरं वाटायचं. भल्या माणसाने शेजारीपाजारी तरी विचारावं की नाही? पण नाही.

"चाफा बरा हाय ना?" सुरेखा आतून विचारायची.

"एकदम झकास."

चैत्र लागला. गल्लीतल्या दुसऱ्या चाफ्यांना कोंब फुटले, याला काहीच नाही. एका सकाळी त्याने खोडाला हात टेकला, तर साल आत गेली आणि बोटांना काळं, आंबूस पाणी लागलं. त्याने बोटं मातीला पुसली. मग घरात जाऊन म्हणाला, "सुरेखा, चाफ्याची पानं गळाली. सगळी. थंडीतच गळाली व्हती."

सुरेखा हसली. किती दिवसांनी हसली!

"अहो, ती दरसाल गळतात. थंडीत झोपतं ते झाड. एवढी वरसं दारात हाय अन् तुम्हाला ठावं नाय? पाणी तेवढं नाय ना घातलं?"

"घातलं," राजेंद्र म्हणाला. तिचं हसू थांबलं.

"किती घातलं?"

"लई."

ती भिंत धरत अंगणात आली. "कोयता आणा. फांद्या कापा. कापल्यावर दूध आलं तर फांदी जिती हाय. वाळवून दुसरीकडं लावता येती."

त्याने पहिली फांदी कापली. आत तपकिरी, भुसभुशीत.

"आलं?"

"नाय."

"अजून वर कापा."

तो कापत गेला आणि ती दर घावानंतर विचारत राहिली. शेवटी स्टुलावर चढून त्याने सगळ्यात उंच शेंडा कापला. या वेळी तिने विचारलं नाही, नुसता हात पुढे केला. खोटं बोलायची सोयच नव्हती. त्याने तो तुकडा तिच्या तळव्यावर ठेवला.

सुरेखाने कापल्या जागी बोट फिरवलं. थांबली. पुन्हा फिरवलं. बोट कोरडंच राहिलं.

"मला इचारायचं व्हतं," ती म्हणाली. "डोळेच गेले व्हते माझे. झाड तर मला सगळं ठावं व्हतं."