चंपाबाईंच्या डाव्या हाताची शीर

मित्रांनो, मी एक जुनी शीर आहे. पवनानगरच्या चंपाबाईंच्या डाव्या हातात, मनगटाच्या जरा वर, माझं घर आहे. आज मी कातडीखाली दोरासारखी फुगलेली दिसते, पण पहिल्यापासून अशी नव्हते. धरणातल्या मासळीची पाटी उचलताना चंपाबाईंची मूठ आवळली की तेवढ्यापुरती वर येत असे.

पुढे चंपाबाईंची मूत्रपिंडं थकली. रक्त यंत्रातून गाळून परत अंगात सोडायचं, म्हणजे डायलिसिस करायचं ठरलं. त्याच्या जाड सुया मला सोसणार नव्हत्या. म्हणून डॉक्टरांनी मला शेजारच्या धमनीला जोडलं. तिचं जोरकस रक्त माझ्यात शिरलं आणि मी रुंद, दणकट झाले. माझ्यावर बोट ठेवलं की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. लोणावळ्याच्या केंद्रातली सिस्टर म्हणते, "अशी शीर सगळ्यांना मिळत नाही, मावशी." मला फार बरं वाटतं.

चंपाबाईंच्या हृदयाचे ठोके मात्र चुकत. तिथे गुठळी होऊ नये म्हणून त्या रक्त पातळ करणारी गोळी बरीच वर्षं घेत होत्या. मागच्या उन्हाळ्यात पायाचा एक्स-रे काढला, तर धमन्यांच्या भिंतींत चुन्यासारखा पांढरा थर दिसला. डायलिसिसच्या पेशंटना असा थर बरेचदा धरतो आणि या जुन्या गोळीने तो वाढू शकतो, असं केंद्रातल्या सुहास डॉक्टरांनी समजावलं. पुढच्या भेटीत दुसरी गोळी देतो, तोवर हीच चालू ठेवा, असंही ते म्हणाले. चंपाबाईंनी त्यातलं अर्धंच मनात धरलं. घरी येऊन त्यांनी गोळ्यांचं पाकीट फडताळात मागे सारलं. कुणाला बोलल्या नाहीत.

काही दिवसांनी माझ्यातलं रक्त जड चालू लागलं. एका सकाळी गुठळी धरली आणि माझी थरथर थांबली. मी घाबरले. मी बंद पडले तर चंपाबाईंचं डायलिसिस कुठून होणार?

त्यांची सून अमृता रोज सकाळी माझ्यावर बोट ठेवून बघते. त्या दिवशी तिला काहीच लागलं नाही. उद्या तसंही डायलिसिसला जायचंच आहे, असं चंपाबाई म्हणाल्या.

"उद्या न्हाई, आत्या. आत्ताच निगायचं," अमृता म्हणाली. तिने केंद्रात फोन लावला आणि सासूला वडापच्या, म्हणजे वाटेत माणसं भरत जाणाऱ्या जीपमध्ये बसवलं.

वाटेत चंपाबाईंनी गोळीचं सांगून टाकलं. अमृता रागावली नाही. तिने ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं.

डॉक्टरांनी माझ्यावर बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाले, "मावशी, गोळी बदलायची होती. बंद करायची नव्हती."

त्यांनी लगेच पुण्याला धाडलं. तिथे बारीक नळी घालून माझ्यातली गुठळी काढली आणि रक्त पुन्हा धावू लागलं. मग तपासण्या झाल्या आणि नवी गोळी सुरू झाली. पायातला थर काही गेला नाही, पण डॉक्टर आता दर भेटीला पाय बघतात.

मित्रांनो, आज मी ठणठणीत आहे आणि अजून पुष्कळ काम करणार आहे. तुमच्या घरी कुणाच्या हातात माझ्यासारखी शीर असेल, तर त्या हातावर ओझं नको, घट्ट बांगडी नको, बीपीचा पट्टाही नको.

परवा केंद्रात धोंडिबा नावाचे नवे पेशंट आले होते. गोळ्यांचा वीट आलाय, सगळ्या बंद करतो, असं म्हणत होते. शेजारच्या खाटेवरून चंपाबाई त्यांना म्हणाल्या, "वीट येतो, आबा. मला बी आलता. पर तो डाक्टरला सांगायचा. गोळीवर काढायचा न्हाई."