सोळावं फूल

शनिवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी सिस्टरने गोधडी टेबलावर ठेवली आणि सांगितलं, की आई म्हणते ही आपली नाही.

खोलीत सहा जण होते. पाच बायका आणि शिंपीमामा. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी ही मंडळी जमत. कुणाच्या तरी घरातली जुनी गोधडी मागून आणत, तिची नक्षी कागदावर उतरवत आणि त्याच नक्षीची नवी गोधडी मिळून शिवत. एका गोधडीला पाच महिने लागत. गप्पा वगळल्या तर सहा आठवडे, असं शिंपीमामा म्हणत, आणि सगळ्यात जास्त गप्पा तेच मारत.

“आपली नाही म्हणजे?” ग्रंथपालबाईंनी विचारलं.

“बदलली म्हणते. शेवटच्या ओळीतलं शेवटचं फूल तिने स्वतः शिवलेलं, सात वर्षांची असताना. वाकडंतिकडं. तिला आता डोळ्यांनी धड दिसत नाही, बोटांनी चाचपते. रोज त्या फुलावर अंगठा ठेवून झोपायची. मागच्या शनिवारी गोधडी घरी नेली, तिने कोपरा चाचपला आणि म्हणाली, ही कुणाची उचलून आणलीस?”

ग्रंथपालबाईंनी कोपरा उजेडात धरला. “हे तर बाकीच्यांसारखंच आहे गं.”

“तेच तर.” सिस्टर अजून ड्युटीच्या पांढऱ्या कपड्यांत होती. तिने खुर्ची ओढली आणि बसली. “आठवडाभर एकच पालुपद. माझी गोधडी आणून दे. मी म्हटलं, आई, असं वाकडं फूल नव्हतंच कधी, तू स्वप्नात बघितलं असशील. तर तीन दिवस माझ्याशी अबोला.”

“तू पाहिलं होतंस का ते फूल?” शिंपीमामांनी विचारलं.

“मामा, गोधडी पांघरतात. फुलं कोण मोजत बसतं? भाऊ म्हणतो, आता हे वाढतच जाणार. सोमवारी साडेदहाला डॉक्टरांकडे नेतोय. त्यांनी लिहून दिलं, की तिचं एकटं राहणं बंद. वृद्धाश्रमात त्याने जागा बघून ठेवलीय.”

“अगं, पण त्या अजून स्वतःचं सगळं स्वतः करतात ना?”

“करते. आमच्या वॉर्डातही सगळं स्वतः करणारे असतात. फक्त आपण कुठे आहोत ते त्यांना माहीत नसतं.” मग ती पट्टीताईंकडे वळली. “ताई, तुमचं रेखाटन बघू जरा. तुम्ही एकेक पाकळी मोजून काढलीय. एकदाचा निकाल लागेल.”

पट्टीताई उठल्या. कपाटातून गुंडाळी काढली, टेबलावर पसरली आणि दोन टोकांवर दोन कात्र्या ठेवल्या. चार ओळी, ओळीत चार फुलं, फुलाला आठ पाकळ्या. शेवटच्या ओळीतलं शेवटचं फूल पहिल्या ओळीतल्या पहिल्या फुलासारखंच नीटस होतं.

“बघा, सोळाच्या सोळा सरळ,” सिस्टर म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. “म्हणजे आईचंच बिनसलंय.”

बोलायची वेळ तीच होती. पट्टीताईंना ते तेव्हाही कळत होतं. त्यांनी कात्र्या उचलल्या आणि कागद गुंडाळला.

पट्टीताईंचं हे नाव इथलंच. पट्टी लावून रेघ मारावी तसा त्यांचा टाका पडे, म्हणून. आयुष्यभर त्यांनी नकाशे काढणाऱ्या कचेरीत काम केलं होतं. दुसऱ्यांनी काढलेल्या रेघा तपासायच्या, हललेली रेघ खरवडून काढायची आणि नव्याने मारायची, हे शेवटची अकरा वर्षं त्यांचं काम होतं. निवृत्त झाल्यावर हाताची खोड गेली नाही. शनिवारी सगळे घरी गेले, की नव्या गोधडीचा एखादा कोपरा त्या पिशवीत घालून नेत आणि इतरांचे लांबडे टाके उसवून पुन्हा घालून आणत. हे कुणाला माहीत नव्हतं, असं त्यांना वाटे.

मात्र जुन्या गोधडीला सुई लावायची नाही, हा नियम होता. फाटली असली तरी नाही. तो नियम पट्टीताईंनीच सुचवला होता आणि ग्रंथपालबाईंनी सुवाच्य अक्षरात लिहून कपाटाच्या दारावर चिकटवला होता.

सिस्टरच्या घरची गोधडी नक्षी उतरवायला त्यांच्या घरी पंधरा दिवस होती. मळकट पांढऱ्या कापडावर निळ्या कापडाच्या पाकळ्या, कडेने बारीक तुरपाई. पंधरा फुलं त्यांनी आठ दिवसांत कागदावर आणली. सोळावं येईना. त्याच्या पाकळ्या एका बाजूला कलल्या होत्या, एक टाका तांदळाएवढा तर पुढचा बोटभर, आणि सगळ्यांत खटकणारी गोष्ट म्हणजे तुरपाईचा तिरकेपणा उलट्या दिशेचा होता. जसंच्या तसं काढलं तर बघणारा म्हणेल, पट्टीताईंचा हात कापायला लागला. कुणीतरी मागाहून घाईत ठिगळ लावलंय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. दुपारी यजमान बाहेर गेले तेव्हा त्यांनी टाके उसवायची उसवणी घेतली. चाळीस मिनिटांत पाकळ्या सुट्या झाल्या. नवा दोरा फार पांढरा दिसत होता, म्हणून कपभर चहात बुडवून वाळवला. यजमान परत आले आणि कपात डोकावून म्हणाले, “दोऱ्याचा चहा? माझ्यासाठी साधाच कर बाई.” दोघं हसले होते. मग कापड ओलं करून जुनी छिद्रं बोटाने मिटवली, आठ पाकळ्या जागच्या जागी बसवल्या आणि उसवलेला दोरा केरात टाकला. त्या दिवशी त्यांना फार बरं वाटलं होतं. आता आठवून कानशिलं तापत होती ती त्या बरं वाटण्यानेच.

वाचनालयात आल्या दिवशी गोधडीचा फोटो काढला होता. पण टेबल लहान आणि गोधडी मोठी. खालची ओळ टेबलाच्या कडेने लोंबत होती, ती फोटोत नव्हती. पट्टीताईंनी हे शनिवारी, कात्र्या जागेवर ठेवता ठेवता, पडताळून पाहिलं. ते पाहावंसं वाटलं याचीही त्यांना लाज वाटली.

सिस्टर खाली पाणी प्यायला गेली तेव्हा शिंपीमामांनी गोधडी ओढून घेतली. चष्मा कपाळावर सरकवला, कोपरा नाकाजवळ नेला, उलटून पाहिला.

“तुरपाई चांगली आहे,” ते म्हणाले. पाकळीच्या कडेवरून नख फिरवलं. “फारच चांगली आहे.”

पट्टीताई सुईत दोरा ओवत होत्या. तो तीनदा चुकला.

पाच वाजता सिस्टर गोधडी घेऊन घरी गेली. जिन्यात मामा पट्टीताईंसाठी थांबले होते.

“पट्टीताई, मी आपला गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड करणारा माणूस. मला काय कळतंय! पण दुकानात माझा एक कारागीर डावखुरा होता. त्याची तुरपाई उलटी पडायची. कुणी म्हणायचं चुकली. चुकली नव्हती, डाव्या हाताची होती.”

“हो का,” पट्टीताई म्हणाल्या.

“सिस्टरची आई डावखुरी आहे. मागे पोस्टात सही करताना बघितलंय मी.” त्यांनी छत्री बगलेत मारली. “बघा बुवा. सोमवार परवावर आलाय.”

घरी आल्यावर पट्टीताईंनी जेवायला वाढलं आणि पहिल्या घासाआधीच यजमानांना सगळं सांगून टाकलं. ते विनोदाला जागा शोधत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती सापडली नाही.

“मग आज तिथेच का नाही बोललीस?”

“सगळ्यांसमोर?”

“नाही तर कुणासमोर?”

“अहो, तो नियम मीच केलाय.”

“म्हणून एका बाईला वेडी ठरू देणार?”

पट्टीताईंनी ताट पुढे सारलं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने त्यांना असं कधी विचारलं नव्हतं.

रविवारी पाच वाजता त्या सिस्टरच्या दारात उभ्या राहिल्या. वाटेत वाक्य जुळवलं होतं, ते घंटी वाजवेपर्यंत टिकलं नाही.

“ते फूल मी उसवलं,” त्या म्हणाल्या. “तुझी आई म्हणते ते खरं आहे. वाकडं होतं. मी सरळ केलं आणि मग कागदावर काढलं.”

सिस्टरचा एक हात कडीवरच राहिला.

“काल तुम्ही मला तो कागद दाखवलात.”

“हो.”

“माझ्यासमोर कात्र्या ठेवून पसरलात.”

“हो.”

“आणि मी तुमच्यासमोर म्हटलं, आईचंच बिनसलंय.”

ओरडली असती तर बरं, असं पट्टीताईंना वाटून गेलं. सिस्टर ओरडली नाही. इंजेक्शन द्यायच्या आधी नर्सचा चेहरा होतो, तसा तिचा झाला.

“आत या. मला सांगून काय उपयोग? तिला सांगा.”

आई त्याच घराच्या खालच्या मजल्यावर, वेगळ्या खोलीत एकटी राहायची. खिडकीशी खुर्ची, खुर्चीजवळ रेडिओ, रेडिओवर औषधांची डबी, सगळं हाताच्या अंतरावर. ती ताठ बसली होती.

“आई, माझ्या शनिवारच्या ताई आल्यात.”

“त्या रेघांच्या बाई?”

“हो, मीच,” पट्टीताई म्हणाल्या. त्या समोरच्या स्टुलावर बसल्या आणि या खेपेला नीट, क्रमाने सांगितलं. काय पाहिलं, काय वाटलं, किती वेळ लागला. चहाचाही उल्लेख केला. “तुमचं फूल होतं. माझ्या हातून गेलं. गोधडी तीच आहे.”

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग ती दाराच्या दिशेने म्हणाली, “किती समजावून आणलंस गं यांना?”

“आई, मी काही सांगितलं नाही. त्या स्वतःहून आल्यात.”

“बरं.” ती पट्टीताईंकडे वळली. “बाई, उसवलेला दोरा कुठाय?”

“टाकला. केरात.”

“छिद्रं तरी असतील.”

“ती मी... ओलं करून मिटवली.”

“म्हणजे दोरा नाही, छिद्रं नाहीत, आणि माझी गोधडी हीच.” म्हातारी हसली. हसण्यात कडवटपणा नव्हता, हेच वाईट होतं. “लेक माझी चांगली आहे. मी उगीच त्रास करून घेऊ नये म्हणून धडपडते. पण तुम्ही? या वयाला तुम्ही दुसऱ्याच्या घरी येऊन खोटं बोलता? शोभतं का हो?”

पट्टीताईंनी मान खाली घातली. आज त्यांनी खरं सांगितलं होतं आणि खोटं बोलल्याबद्दल त्यांची कानउघाडणी होत होती. आणि त्यात चुकीचं काही नव्हतं, फक्त दिवस चुकला होता; ती शनिवारी व्हायला हवी होती.

“मी तो कोपरा उसवून दाखवते,” त्या म्हणाल्या. “आत्ता. कापडात खोल कुठेतरी—”

“खबरदार,” म्हातारी म्हणाली. “ज्यांची असेल त्यांच्या वस्तूला हात लावायचा नाही.”

दारापर्यंत सिस्टर आली.

“भावाला मी सांगेन. त्याला पटेल असं वाटत नाही. तो म्हणेल, मी आईला वाचवायला हे रचलं.”

“मी येते उद्या डॉक्टरांकडे.”

“नको,” सिस्टर म्हणाली. “उद्या नको.”

सोमवारी दुपारी एकपर्यंत फोन आला नाही. दीड वाजता पट्टीताईंनी स्वतः केला. सिस्टर ड्युटीवर होती, मोजकं बोलली. डॉक्टरांनी वार, तारीख, घराचा पत्ता विचारला. आईने सगळं बरोबर सांगितलं. शंभरातून सात वजा करत खाली येत जायला सांगितलं, तेही केलं. उलट डॉक्टरच मध्ये एकदा अडखळले. शेवटी त्यांनी विचारलं, आणखी काही तक्रार? ती म्हणाली, माझी गोधडी बदललीय आणि लेकीने एक बाई आणली होती, ती शपथेवर खोटं बोलली.

“शपथ मी घेतली नव्हती,” पट्टीताईंच्या तोंडून गेलं.

“माहितीये. मी डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. ते ऐकून घेत होते. भाऊ शेजारी बसून मान हलवत होता. डॉक्टरांनी बराच वेळ लिहिलं. काय लिहिलं ते कळलं नाही.”

“पुढे?”

“पुन्हा बोलावलंय. तारीख ते कळवणार आहेत.” मागे वॉर्डातली घंटी वाजली. “ताई, शनिवारी तुम्ही येणार का?”

“तू म्हणशील तसं.”

“मी नाही ठरवणार,” सिस्टर म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी पट्टीताई वाचनालयात गेल्या. ग्रंथपालबाईंना सगळं सांगितलं. रेखाटनाच्या खालच्या कोपऱ्यात, आपल्या सहीच्या वर, लिहिलं: शेवटचं फूल मूळ नाही, मी बदललेलं आहे. ग्रंथपालबाईंनी ते वाचलं आणि त्यांना चहा विचारला नाही.

मंगळवारी सकाळी सिस्टरच्या आईने गोधडीची घडी केली, चाचपडत दार उघडलं आणि पायरीशेजारच्या बाकावर ती नेऊन ठेवली. विचारलं तेव्हा म्हणाली, ज्यांची आहे ते शोधत येतील, त्यांना आतपर्यंत यायला संकोच वाटायला नको. रात्री ती नुसती चादर पांघरून झोपली. सिस्टरने गोधडी दोनदा आत आणली. दोन्ही वेळा ती पुन्हा बाहेर गेली.

हे पट्टीताईंना शिंपीमामांकडून कळलं. बुधवारी सकाळी साडेनऊला पट्टीताई मुद्दाम सिस्टरच्या घरावरून गेल्या. गोधडी बाकावर होती, कोपरा वरच्या बाजूला. खिडकी उघडी होती आणि रेडिओ चालू होता. त्या समोरच्या फुटपाथवर थोडा वेळ उभ्या राहिल्या. बुधवारी संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी तारीख कळवलेली नव्हती.