मंडईची तारीख

अड्याळच्या मंडईची वेबसाइट करायची ही कल्पना दामिनीचीच, त्यामुळे आता बोंब तरी कुणाच्या नावानं मारायची? दिवाळी झाली की गावोगावच्या मंडया, म्हणजे एका दिवसाच्या जत्रा, सुरू होतात. पाळणे, दुकानं, रात्री नाटक, आणि त्या दिवशी लेकीबाळी हटकून माहेरी येतात. पण मेली तारीख कधी एका जागी राहील तर शपथ. गेल्या वर्षी ती ऐनवेळी बदलली आणि दामिनीची थोरली बहीण रिता चिखल्याहून एक दिवस उशिरा पोहोचली. मैदानात नुसते खड्डे उरले होते. रिताची पोर विचारत होती, “पाळणा कुठं गेला?” ते तोंड दामिनीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. यंदा रिता वेळेवर यायलाच हवी होती.

दामिनीचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. तिथंच बसून तिनं दोन दुपारींत वर्डप्रेसवर साइट उभी केली. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं, आणि ज्याला मोबाईलवर मेसेज लिहिता येतो त्याला त्यात पान लिहिता येतं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत तिनं एवढंच लिहिलं: मंडई, शुक्रवार. मग रिताला बजावलं, “दहा जनाले इचारू नोको. साइट पाह्य. थेच खरं.”

आणि काम इतकं सोपं म्हणून तिनं मंडई समितीचे अध्यक्ष यादोराव यांनाही पासवर्ड दिला. तिथंच तिनं डोक्याला ताप करून घेतला.

यादोरावांना वेबसाइट म्हणजे मंडईची पत्रिका वाटली. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःचा फेट्यातला फोटो लावला. दुसऱ्या दिवशी विनीत म्हणून एकवीस नावं आली. केशवरावांचं नाव सातवं पडलं म्हणून ते रुसले. त्यांना वर घेतलं तर मधुकरराव रुसले. तारीख जाऊन बसली पार तळाशी.

“काकाजी, हे काय करून ठेवलं? तारीख दिसून नाई राहिली!”

“खाली हाये ना बेटी. सरकवत जाय.”

“कोन सरकवते एवढं?”

“नावं नाई टाकले तं मंडपाचे बांबू कोन देईन? तू देशीन?”

सोमवारी कळलं, शेजारच्या गावानंही शुक्रवारच धरलाय. समितीनं आपली मंडई एक दिवस अलीकडे ओढली, गुरुवारी. गावात भोंगा फिरला. यादोरावांनी साइटवर पुन्हा हात मारला आणि आणखी अकरा नावं चढवली. मंगळवारी दामिनीनं पान उघडलं, फेट्यातले आता तीन फोटो पाहिले आणि तिचं डोकंच फिरलं. वर्डप्रेस प्रत्येक बदलाआधीचं पान जपून ठेवतं. पुढंमागं काही न वाचता तिनं स्वतःचं अगदी पहिलं, स्वच्छ पान शोधून परत लावलं आणि यादोरावांचा पासवर्डही बदलला. तिला इतकं बरं वाटलं की तिनं चहा मागवला.

गुरुवारी चार वाजता मैदान फुलून गेलं होतं. दामिनीची आई सुलोचनाबाई घरून तीनदा फोन करून रिता आली का विचारत होती. शेवटी पाळण्याजवळून दामिनीनं रिताला फोन लावला.

“कुठपर्यंत आली?”

“घरीच हावो, बॅग भरून राहिलो. उद्या सकाळी पह्यल्या गाडीनं निघतो.”

“उद्या?”

“मंग! शुक्रवारी ना मंडई? आत्ताच साइट पाह्यली. काय साफ केली वं तू, एक नाव नाई! पन थो आवाज कायचा येऊन राहिला?”

दामिनीनं फोनवरच साइट उघडली. शुक्रवार. मग सोमवारचं जुनं पान काढलं. फेटे होते, बत्तीस नावं होती, आणि या सगळ्यांच्या वर, लाल अक्षरांत, यादोरावांनी लिहिलं होतं: मंडई गुरुवारी. दूरच्या पावण्यांनी ध्यान द्यावे.

तेवढ्यात छातीवर बिल्ला लावलेले यादोरावच समोर आले. “दामिनी, माहा पासवर्ड काहून चालत नाई बेटी?”

तिला त्यांच्याकडे बघवेना. फोन अजून चालू होता आणि पलीकडून रिताची पोर ओरडत होती, “मावशी, उद्या मी येतपावतर पाळणा जाऊ देऊ नोको!”