माझा पहिला मीटर

मित्रांनो, माझ्या डबीवर 'तीस मीटर' असं छापलेलं आहे. छापलेल्यावर तुम्ही लगेच विश्वास ठेवता, हे मला ठाऊक आहे.

मी एक कापडी टेप. कुरुंद्याच्या संतरामआजोबांनी मला हळदीचे बेड, म्हणजे वाफे, मोजायला आणलं आणि वर्षभरातच नांगराच्या फाळाने माझा पहिला मीटर तोडून नेला. आजोबांनी टोकाची कडी 'एक'च्या आकड्याशी बांधली, वर जाडजूड गाठ मारली आणि विसरून गेले. आकडा गाठीत झाकला गेला. मी गप्प. टेपाला कोण विचारतं?

आजोबांचा स्वभाव मोठा संशयी. ऑलिंपिकमध्ये भालाफेकीचा निकाल लागला, की दुसऱ्या दिवशी मोकळ्या रानात मला अंथरून ते अंतर मोजायचं, हा त्यांचा रिवाज. टोकियोच्या वेळी म्हणाले, "नाव वीस सालाचं, खेळ एकवीसला! अन् बघाया माणूस न्हाई. मंग पाह्यलं कोणं?" बक्षिसाला झेंडे चढले, राष्ट्रगीत वाजलं, तेव्हा तर पुरावाच सापडला. "झेंडे अगोदरच शिवून तयार! म्हंजे ठरलेलंच हाय."

पॅरिसला ब्याण्णव मीटर सत्त्याण्णव सेंटिमीटरला सुवर्णपदक मिळालं. आजोबांनी मला चारदा अंथरलं. दर खेपेला मी एक मीटर खात होतो, म्हणजे अंतर चार मीटर कमीच भरलं. तरी ते म्हणाले, "इथवर? भाला व्हता का कबुतर?"

"अवं, पॅरिसवाल्यांनी तुमचं काय घोडं मारलं?" त्यांची बायको सोजराबाई बांधावरून ओरडली.

त्यांची नात राणी भाला फेकते. जिल्ह्याच्या निवड चाचणीला यंदा पस्तीस मीटर फेकणाऱ्या मुलींनाच बोलावणं होतं आणि अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला. मोठ्या स्पर्धेसारख्या सहाच फेकी ठरल्या. दर फेकीला मला दोनदा अंथरलं. पाचवी फेक छत्तीस चाळीस भरली. आजोबा नाचले. राणी नाचली नाही.

"आबा, शाळेत तेहतीसच्या वर जाऊन नव्हता राहिला. आज काहून गेला?"

"रानातलं वारं, बाई."

"वारं तर समोरून येऊन राहिलं."

तिने माझी कडी उचलली, गाठ सोडली आणि आकडा वाचला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"टोकियोचे झेंडे तपासले, अन् ह्याचं तोंड न्हाई पाह्यलं व्हय?" राणी म्हणाली.

म्हणजे खरे चौतीस चाळीस. आजोबा पुटपुटले, "छत्तीसच लिही. कोण येऊन राहिलं मोजायला?"

"तुमच्यासारखं येखादं असतंच की, आबा."

सहावी फेक आजोबांनी दर खेपेला मीटर वजा करत तीनदा मोजली. चौतीस ऐंशी.

मित्रांनो, आम्हाला चिखलात टाकू नका. पुसून गुंडाळा, आणि तुटलो तर चारचौघांत तसं सांगा. आम्ही मुद्दाम फसवत नाही, पण आमच्या भरवशावर माणसं स्वतःला खुशाल फसवतात.

राणीने अर्ज दिला नाही. आजोबांनी भाला पडला तिथे खुंटी ठोकली. सोजराबाईंनी विचारलं, "किती गेला?" आजोबांनी जन्मात पहिल्यांदा एखादा आकडा शंका न काढता सांगितला. राणीने खुंटीच्या पुढे वीस सेंटिमीटर मोजून आपली एक चप्पल ठेवली आणि एका पायाने अनवाणी, भाला घेऊन, रेषेकडे परत चालू लागली.