डॉक्टरांचं होऊ द्या

नाझिकने जीभ दाताखाली धरली. स्टुडिओतल्या टेबलापलीकडे गृहमंत्र्यांचे प्रवक्ते डॉ. मुनीफ तब्बारा बोलत होते, म्हणजे धडधडीत खोटं बोलत होते. बैरुतच्या टीव्हीवर अशा वेळी समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नसतं. जो ऐकून घेतो त्याला ते पटलं, असंच घरोघरी समजतात.

आज तिला ऐकूनच घ्यायचं होतं. मघाशी मेकअपच्या खोलीत तब्बारांनी कॉफी पिता पिता हळूच सांगितलं होतं, "आज भांडू नकोस, पोरी. तुझा भाऊ गुरुवारी घरी येईल." मोर्चात दगड मारल्याच्या आरोपावरून बहीज चार महिने कोठडीत होता. त्याने दगड मारला नव्हता. नाझिक त्याची बहीणही होती आणि वकीलही.

"वकीलबाई, तुम्हाला काहीच म्हणायचं नाही?" निवेदिका कर्माने तिसऱ्यांदा विचारलं. भांडण पेटेना म्हणून ती वैतागली होती.

"डॉक्टरांचं होऊ द्या."

तब्बारांना चेव आला. मोर्चेवाले, त्यांचे परदेशी धनी, बिचारे पोलीस. आवाज चढतच गेला. क्षणभर श्वास घ्यायला थांबले आणि वीस वर्षांच्या सवयीने तळहात पुढे करून ओरडले, "मध्येच तोडू नका मला! तुम्ही बोलत होतात तेव्हा मी बोललो का?"

नाझिकने ओठही हलवले नव्हते. कॅमेऱ्यामागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"डॉक्टर, त्या तर कधीच्या गप्प आहेत," कर्मा म्हणाली. तिने हसू लपवलंसुद्धा नाही.

तब्बारांचे कान लाल झाले. त्यांना शिव्या चालत, हसलेलं चालत नसे.

"गप्प बसतील नाही तर काय करतील? यांचा सख्खा भाऊ आत आहे. घरात गुंड पोसायचे आणि इथे येऊन आम्हाला कायदा शिकवायचा."

आई आत्ता टीव्हीसमोरच असणार. नाझिकला राग आला, आणि रागापेक्षा जास्त स्वतःची लाज वाटली.

"मग तो गुंड गुरुवारी कसा सुटतोय, तेही सांगा ना, डॉक्टर."

"गुरुवारी?" कर्मा ताठ बसली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"यांनीच. आत्ता, मेकअपच्या खोलीत. मी इथे तोंड उघडायचं नाही, या बोलीवर."

तब्बारा पाण्याचा ग्लास शोधू लागले. बहीज आता गुरुवारी येणार नव्हता. कदाचित वर्षभर येणार नव्हता. आईला काय सांगायचं ते नाझिकला सुचत नव्हतं, पण ती बोलत राहिली.